शिकवलं की पळतात, म्हणे!

विद्यापीठाने एखाद्या कारखान्याशी सामंजस्य करार केला की दोन्हीकडून ओरड सुरू होते. प्राध्यापक म्हणतात, विद्यापीठ बाजारात बसलं. उद्या अभ्यासक्रमही एचआर मॅनेजर ठरवतील. कारखानदार म्हणतात, कामगाराला पदवीपर्यंत कशाला न्यायचं? शिकवलं की पळतात.

आधी प्राध्यापकांचं बघू. सोवळं त्यांनी खुशाल पाळावं, पण ते वाडवडिलांपासून चालत आलंय असं सांगू नये. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे आजचं सीओईपी विद्यापीठ, १८५४ साली सुरू झालं तेच मुळी सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी तयार करून देण्यासाठी. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ची. तिच्यामागे कापडगिरण्यांची गरज होती. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. तोच पुढे यूडीसीटी झाला, आता आयसीटी. तिथेही कापडाचं रसायनशास्त्र सुरुवातीपासून होतं. धंद्याच्या उंबऱ्यावर जन्मलेल्या या संस्थांतून नावाजलेले संशोधक निघाले. विटाळाचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

कारखानदारांचं दुखणं जरा खोल आहे. काही वर्षं मी रविवारी सकाळी नोकरदारांच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवायचो. एक सीएनसी ऑपरेटर तिसरी शिफ्ट संपवून थेट वर्गात यायचा. डोळे लाल, कपड्यांना कूलंटचा वास. एकदा म्हणाला, "सर, अॅल्युमिनियमचा जॉब आहे, शंभर मिलिमीटरचा बोअर. मशिनवर मापतो तेव्हा बरोबर येतो. क्यूसीत गेला की वीसेक मायक्रॉन लहान भरतो. सुपरवायझर म्हणतात, ऑफसेट दे आणि गप बस."

ऑफसेट म्हणजे मशिनला दिलेली मापाची दुरुस्ती. मी फळ्यावर नियंत्रण-आलेख काढत होतो. उत्तर त्यात नव्हतं, अकरावीच्या भौतिकशास्त्रात होतं. अॅल्युमिनियमचा एक मीटर दर अंश सेल्सिअसला साधारण २३ मायक्रॉन वाढतो. जॉब दहा अंशांनी तापलेला असेल, तर शंभर मिलिमीटरला तेवढेच २३ मायक्रॉन. अचूक मापं २० अंशांना घ्यायची असा संकेत आहे. क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, थंड खोलीत जॉब निवतो आणि बोअर आक्रसतो. पोराने हिशेब वहीत उतरवला आणि विचारलं, "म्हणजे गार जॉबचा ऑफसेट तापलेल्याला चालणारच नाही?" पूर्णवेळ विद्यार्थ्यांना नियंत्रण-आलेखांचं प्रकरण मी कितीदा शिकवलं असेल, असा प्रश्न तिथे कधी आला नाही.

कोणतं बटण दाबायचं हे कंपनीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग शिकवतं, आणि ते कंपनीनेच शिकवावं. ते का दाबायचं, हे सांगायला शॉपवर कुणाला सवड नसते. विद्यापीठाकडे ती सवड असते, पण मशिन नसतं. भागीदारी हवी ती एवढ्यासाठी. पिलानीची बिट्स १९७९पासून नोकरदारांना काम करता करता पदवी घेऊ देते, तेव्हा हे जमत नाही असंही कुणी म्हणू नये.

मात्र कराराच्या कागदावर डोळे मिटून सही करा, असं मी म्हणणार नाही. १९६१च्या अॅप्रेंटिस कायद्याचं कलम १८ सांगतं, की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. काही अपवाद सोडले तर त्याला कामगार कायदे लागू नाहीत. या फटीतून कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका'चं नाव लावून स्वस्त हात आत घेता येतात. वर्षभर एकाच मशिनवर उभं करायचं आणि शेवटी कागद द्यायचा, याला शिक्षण म्हणत नाहीत. म्हणून परीक्षा विद्यापीठानेच घ्यावी. वर्गाचे तास ड्युटीत धरावेत. मिळालेले श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठातही चालावेत, आणि पदवी बाँडपायी कंपनीच्या कपाटात अडकू नये. कुलगुरूंनी फोटोला उभं राहण्याआधी एवढी कलमं वाचावीत.

आणि पळण्याचं म्हणाल, तर तो ऑपरेटर खरंच गेला. दुसऱ्या कंपनीत क्वालिटीत लागला. त्याच्या जुन्या लाईनवर मात्र बोअर आता जॉब निवल्यावरच मापतात.