बाटलीवर तक्रार, बोलीवर हशा

मध्य प्रदेशातील शिवपुरीच्या न्यायालयात सप्टेंबर २०२१ मध्ये एका वकील महाशयांनी 'द कपिल शर्मा शो' या हिंदी विनोदी कार्यक्रमाविरुद्ध तक्रार दाखल केली होती. कार्यक्रमाच्या एका भागात रंगमंचावर न्यायालय उभे केले होते आणि त्या न्यायालयात पात्रे दारू पिताना दाखवली होती. हा न्यायालयाचा अवमान आहे, असे वकील महाशयांचे म्हणणे. सोनी वाहिनीवर हा भाग १९ जानेवारी २०२० रोजी दाखवला गेला व २४ एप्रिल २०२१ रोजी पुन्हा दाखवण्यात आला. कार्यक्रमात बायकांविषयी हीन शेरेबाजी होते, हेही त्यांनी वार्ताहरांना बोलून दाखवले; पण तक्रारीचा मुख्य रोख न्यायालयातील बाटलीवर होता.

शिवपुरीच्या कज्जाशी सीमाभागातल्या वाचकाला काय देणेघेणे, असे कोणी विचारील. शिवपुरी ही ग्वाल्हेर संस्थानची उन्हाळी राजधानी. शिंद्यांच्या छत्र्या तेथेच आहेत. ग्वाल्हेर म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी माणसाचे जुने ठाणे, आणि महाराष्ट्राबाहेर ठेवल्या गेलेल्या आम्हां सीमावासीयांना त्या ठाण्याकडे अधूनमधून पाहणे भाग आहे. आपले पुढे काय होऊ शकते, ते तेथे आधीच घडून गेले आहे.

प्रथम त्या बाटलीविषयी. नाटकातले कोर्ट हे कोर्ट नव्हे, हे मराठी प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये खोटे न्यायालय मांडून खऱ्या बाईचा छळ होतो, आणि प्रेक्षक मान खाली घालून घरी जातो. अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' चे सारे नाटक न्यायालयातल्या खटल्याभोवती फिरते. तेथे आरोपीच न्यायासनासमोर बिनदिक्कत खोटे बोलतो आणि नाट्यगृह हसते. न्यायालयाची अब्रू त्यामुळे गेली असे कोणी म्हटले नाही. आमच्या सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढी वर्षे तारखा मोजणाऱ्या माणसाने न्यायालयावर दोन विनोद केले, तर ते न्यायमूर्तींनीही ऐकून घ्यावेत. तेव्हा रंगमंचावरच्या बाटलीसाठी खऱ्या न्यायालयाचा वेळ घेणे आम्हांला पटत नाही. विनोदाला कोर्टाची भीती घातली, तर उद्या सरकारावरचा विनोदही बंद होईल, आणि त्याचा पहिला फटका आमच्यासारख्या अल्पसंख्याकांनाच बसेल.

पण म्हणून तो कार्यक्रम निर्दोष ठरत नाही. त्याचा खरा दोष तक्रारीत आलाच नाही, इतकेच. या कार्यक्रमात हशा कशावर उभा असतो, ते कोणीही एक भाग लक्ष देऊन पाहिला तर कळते. किकू शारदा यांचा बच्चा यादव हा बिहारी वळणाने बोलतो, आणि तो तसा बोलतो हाच अर्धा विनोद. कृष्णा अभिषेक यांची सपना म्हणजे साडी नेसलेला पुरुष, आणि नेसलेली साडी हाच उरलेला विनोद. लेखकाला सुचेनासे झाले की पात्राने हेल काढायचा, खुर्चीवर बसलेल्या अर्चना पूरणसिंह यांनी मोठ्याने हसायचे, की काम झाले. स्वतः कपिल शर्मा आपल्या मोडक्या इंग्रजीवर हसतात ते आम्हांला आवडते. तो माणूस स्वतःवर हसतो आणि मंचही त्याचाच असतो. ज्या गरीब माणसाची बोली उसनी घेतली, तो मात्र तेथे उत्तर द्यायला हजर नसतो.

मराठी माणसाच्या वाट्याला हिंदी पडद्यावर काय येते, हे वेगळे सांगायला हवे काय? मोलकरीण आणि हवालदार. एकीने 'अगो बाई' म्हणायचे, दुसऱ्याने तंबाखू मळायची. मुंबई-पुण्याच्या मुलाला हे पाहून फारसे बिघडत नाही. दाराबाहेर पडला की त्याला मराठी बोलणारे डॉक्टर, वकील, मामलेदार दिसतात. ग्वाल्हेरच्या मुलाला ते दिसत नाहीत.

ग्वाल्हेरात लष्कर भागातून हिंडताना आम्हांला पाटीपाटीवर मराठी दिसली, पण कानावर आली नाही. लष्कर हे नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे. पाटणकर बाजार आहे, फालका बाजार आहे, शिंदे की छावनी आहे. शहराच्या मुख्य चौकाला महाराज बाडा म्हणतात. वाड्याचा बाडा झाला, आणि त्या एका अक्षराच्या बदलात दोनशे वर्षांचा इतिहास आहे. भा. रा. तांबे येथले राजकवी होते, १९४१ साली येथेच वारले. १९६१ चे मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले, आणि कुसुमावती देशपांडे या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या, त्याही याच गावी. एवढे वैभव असलेल्या शहरात आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या घरी आजी मराठीत विचारीत आणि नातू हिंदीत उत्तर देई. नातवाला मराठी कळत होती. बोलायची लाज वाटत होती. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर असाच एक विनोदी कार्यक्रम लागला, त्यात कोणी नोकराणी मराठी ढंगाने हिंदी बोलली, नातू खो खो हसला आणि आजीकडे बोट दाखवून म्हणाला, "दादी जैसी!" आजीही हसल्या. काय करणार?

त्या मुलावर कोणी सक्ती केली नव्हती. आमच्याकडे सक्तीचे परिपत्रक येते, आम्ही रस्त्यावर उतरतो. १९८६ साली उतरलो, नंतरही उतरलो. परिपत्रकाशी झुंजता येते. हशाशी झुंजायचे कसे, हे समितीच्या कोणत्याही ठरावात लिहिलेले नाही.

आणि हा हशा आता आमच्या गावांतही पोचला आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले नाटुकली बसवतात. पूर्वी त्यांत शेटजी, तलाठी, भोंदू बाबा असत. अलीकडे मुलांनी स्वतः रचलेली नाटुकली आम्ही पाहतो, तर त्यांतले बावळट पात्र आपल्या गावच्या बोलीत 'काय करायलास', 'ये की' असे बोलते, आणि शहाणे पात्र हिंदीत. हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. मराठी वाहिन्यांवरचे विनोदी कार्यक्रमही याला अपवाद नाहीत. तेथेही मालवणी, वऱ्हाडी आणि आपली सीमेवरची बोली बहुतेक वेळा गड्याच्या किंवा बावळट पाहुण्याच्या तोंडी येते, मालकाच्या नाही. २०२० साली 'चला हवा येऊ द्या' मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या छायाचित्राचा विनोदासाठी वापर झाला, तेव्हा संभाजीराजे यांनी आक्षेप घेतला आणि नीलेश साबळे यांनी माफी मागितली. योग्यच झाले. पण महाराजांच्या प्रजेच्या बोलीची थट्टा रोज होते, तिच्यासाठी माफी मागा असे कोणी म्हणत नाही.

बोलीवर विनोद करूच नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पु. ल. देशपांडे बेळगावात प्राध्यापक होते. त्यांच्या 'गणगोत' मधील रावसाहेब कानडी वळणाची मराठी बोलतात, लिंगांची उलथापालथ करतात, शिव्याही देतात. वाचताना पोट धरून हसू येते, पण हसता हसता त्या माणसाविषयी मनात आदर वाढत जातो. रावसाहेबांच्या बोलीतून त्यांचे काळीज दिसते. अत्र्यांचा लखोबा लोखंडे हा तर निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, आमच्याच जिल्ह्यातला! महाठक खरा, पण साऱ्या कोर्टात सर्वांत हुशार तोच. निपाणीच्या माणसाला लखोबा म्हणून कोणी हाक मारली तर तो चिडत नाही, उलट ऐटीत 'तो मी नव्हेच' म्हणतो. ग्वाल्हेरच्या त्या आजींना 'दादी जैसी' म्हटल्यावर अशी ऐट करता आली नाही. ती आणायची तर बोलीमागे माणूस लिहावा लागतो, आणि माणूस लिहायला कष्ट पडतात. आठवड्याला दोन भाग काढणाऱ्यांना तेवढी सवड नसावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्ही पेढे वाटले. पण अभिजात म्हणून ओळखली गेलेली भाषा स्नेहसंमेलनात बावळटाच्या तोंडी आणि घरात आजीच्या तोंडीच उरणार असेल, तर पेढे कडू लागायला वेळ लागणार नाही.

समितीच्या मागील बैठकीत काही तरुणांनी वाहिन्यांना निषेधाचे खलिते पाठवावेत असे सुचवले. आम्ही विरोध केला. शिवपुरीच्या तक्रारीनंतरही त्या कार्यक्रमाचे प्रेक्षक हसतच राहिले, आपल्या खलित्याने ते थांबतील असे मानण्याचे कारण नाही. त्याऐवजी येत्या गणेशोत्सवात गावोगावच्या मंडळांनी नाटुकल्यांच्या स्पर्धा घ्याव्यात असे आम्ही सुचवले आहे. अटी दोनच ठेवाव्यात. दूरचित्रवाणीवरून उचललेले काही चालणार नाही. आणि नाटुकल्यात जो कोणी सर्वांत शहाणा असेल, मग तो डॉक्टर असो, वकील असो की शाळेतली बाई, त्याने आपल्या गावच्या बोलीतच बोलायचे. विषय मुलांनी निवडावा. कोर्टाचा निवडला तरी हरकत नाही.