‘नाइस’ म्हणजे मूर्ख? मग ‘मुग्धा’चं काय?

या आठवड्यात एक निरोप माझ्या फोनवर इतक्या दिशांनी येऊन आदळला की शेवटी तो वाचावाच लागला. ‘कुणी नाइस म्हटलं तर हुरळून जाऊ नका. लॅटिनमध्ये त्याचा खरा अर्थ अडाणी असा आहे. इंग्रज तुम्हाला हसत होता आणि तुम्ही थँक्यू म्हणत होता!’ खाली जोडलेले हात आणि तिरंगा. ‘पॉश’ हा शब्द बोटीच्या तिकिटांवरून आला, ही लाडकी गोष्ट मी मागे एका लेखात बुडवली, तेव्हापासून काही वाचक माझ्यावर डूख धरून आहेत. त्यांनी हा निरोप ‘आता बोला’ अशा थाटात पाठवला. एका गृहस्थांनी तर पुढचं कामही नेमून दिलंय: तरुण पिढीनं हा शब्द टाकून द्यावा, असं मी या सदरातून बजावायचं.

बजावतो. पण तरुण पिढीला नाही.

निरोपातली माहिती खोटी नाही, हीच पंचाईत आहे. खोटी असती तर ‘पॉश’सारखी दोन परिच्छेदांत निकालात काढता आली असती. लॅटिनमध्ये ‘नेस्कियस’ म्हणजे न जाणणारा, अज्ञ. ‘स्कीरे’ म्हणजे जाणणं, आणि त्याच्या आधी नकाराचा ‘ने’. याच ‘स्कीरे’पासून ‘सायन्स’ निघालं. म्हणजे शाळेत ज्याचा तास असतो तो विषय आणि वहीवर बाई जो शेरा मारतात तो शब्द, दोघांचं मूळ एक. एकात ज्ञान आहे, दुसऱ्यात त्याचा अभाव. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून १३००च्या सुमारास इंग्रजीत हा शब्द आला तो मूर्ख, बावळट असाच अर्थ घेऊन. इंग्रज कवी चॉसरच्या लिखाणात तो त्या अर्थानं आहे.

त्यानंतर मात्र त्याचं जे झालं, ते निरोपवाल्यांना फोनच्या पडद्यावर मावलं नसावं. छचोर, उधळ्या, कपड्यालत्त्यात नखरेल, मग नखऱ्यांमुळे चोखंदळ, मग लाजाळू, मग नाजूक. सोळाव्या शतकात तो बारीक, काटेकोर या अर्थावर आला. इंग्रज वकील अजूनही दोन मुद्द्यांमधल्या सूक्ष्म फरकाला ‘नाइस’ फरक म्हणतात, आणि त्यात कौतुकाचा लवलेश नसतो. ‘छान’ हा आज सर्वांना ठाऊक असलेला अर्थ रुळला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या काळात या शब्दाचा इतका गोंधळ होता की ऑक्सफर्डच्या कोशकारांनी हात टेकले: सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक वाक्यांत लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते सांगता येत नाही, अशी कबुली त्यांनी कोशातच देऊन ठेवली आहे.

यातला ‘खरा’ अर्थ कोणता? जो सर्वांत जुना, तो खरा, असं निरोप म्हणतो. ठीक. मग लॅटिनपाशी थांबायचं कारण काय? ‘स्कीरे’च्याही मागे बहुतेक अभ्यासकांना तोडणं, वेगळं करणं या अर्थाचा धातू दिसतो, आणि त्या घरात आपला संस्कृत ‘छिद्’ बसलेला आहे. या हिशेबानं ‘नाइस’ हा ‘छिद्रा’चा लांबचा नातेवाईक ठरतो. पाठवा की हेही पुढे, तिरंग्यासकट. ‘मूळ’ म्हणून जे दाखवलं जातं, ते बहुतेक वेळा दाखवणारा जिथे दमून थांबला ते ठिकाण असतं.

हा दमण्याचा प्रकार फोनच्या आधीपासून चालत आलाय. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’मध्ये, म्हणजे १८१७च्या अखेरीस तिच्या मृत्यूनंतर छापलेल्या कादंबरीत, हेन्री टिल्नी नावाचा एक हुशार तरुण आहे. नायिका एका पुस्तकाला नाइस म्हणते, तर हा तिची बाइंडिंगवरून थट्टा करतो आणि वर व्याख्यान देतो, की हा शब्द मुळात नीटनेटकेपणा, शालीनता, नजाकत यांच्यासाठी होता, आता कशालाही लावतात. त्याची चीड खरी आहे. पण त्याचं ‘मुळात’ शब्दाच्या प्रवासाच्या अर्ध्यावरचं आहे. खऱ्या मुळाशी गेला असता तर त्याला स्वतःच्याच आवडत्या अर्थाची लाज वाटली असती. शुद्धीवाले नेहमी असंच करतात. आपल्या आजोबांच्या काळातला अर्थ तो सनातन, आणि नातवंडांच्या तोंडचा तो भ्रष्ट. आजोबांच्या आजोबांना कुणी विचारत नाही.

आता घरातलं उदाहरण घेऊ, कारण ‘नाइस’वर हसणाऱ्यांच्याच घरात ते वावरतंय. ‘मुग्धा’. मराठी शाळेचा कुठलाही हजेरीपट काढा, एखादी तरी सापडेल. हे नाव ठेवताना आईबापांच्या मनात काय असतं? निरागस, गोड, कळीसारखी. संस्कृत कोश उघडला तर ‘मुग्ध’चे पहिले अर्थ निघतात ते वाट चुकलेला, गोंधळलेला, अडाणी, मूर्ख. गोड आणि सुंदर हे अर्थ रांगेत बरेच मागे उभे आहेत.

हा शब्द ‘मुह्’ धातूपासून झाला, आणि त्या धातूची भूतकालवाचक रूपं दोन होतात: ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’. पाणिनीनं दोन्हींना मुभा ठेवली आहे. म्हणजे ही अगदी जुळी भावंडं. याच घरात मोह, मोहन, मोहिनी आणि संमोहनही आहेत. सख्ख्या जुळ्यांपैकी एकाचं नाव आपण मुलीला ठेवतो आणि दुसऱ्यानं शेजाऱ्याला शिवी घालतो. कुणी बारशाला ‘मूढा’ हे नाव सुचवून पाहावं.

बरं, ‘मुग्ध’ला मूर्खपणा फक्त कोशात चिकटलाय असंही नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यमतीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात मूर्खांच्या गोष्टींची एक अख्खी माळ आहे, आणि त्या गोष्टींना शब्द कोणता? मुग्धकथा. एका व्यापाऱ्याचा मुलगा जहाजात अगरूचं सुगंधी लाकूड भरून परद्वीपी जातो. तिथे ते कुणी घेत नाही, पण कोळसा हातोहात खपतो असं दिसतं. मग हा अगरू जाळून कोळसा करतो, विकतो आणि घरी येऊन आपल्या चलाखीच्या बढाया मारतो. दुसरा एक शेतकरी. त्याला भाजलेले तीळ चवीला फार आवडले, म्हणून पुढच्या वेळी त्यानं भाजूनच पेरले. हे सोमदेवाचे ‘मुग्ध’. यांच्यात कळीसारखं काही नाही.

आणि साधारण त्याच्या शंभरेक वर्षं आधी, दहाव्या शतकात, धनंजयानं ‘दशरूपका’त नायिकांचे वर्ग पाडले: मुग्धा, मध्या, प्रगल्भा. इथली मुग्धा नवयौवना, प्रेमात कोरी, लाजरी. तिचं न जाणणं हेच तिचं सौंदर्य, असं कवींनी ठरवून टाकलं. (जाणणाऱ्या पुरुषांना न जाणणाऱ्या मुली आवडतात, यावर मी मागे लिहिलं होतं आणि बोलणी खाल्ली होती. तेव्हा आज कंसातच.) म्हणजे एकच शब्द एका ग्रंथात तीळ भाजून पेरतो आणि दुसऱ्यात पापण्या खाली झुकवतो. तेव्हाच्या वाचकाची गल्लत होत नव्हती, कारण तो शब्द वाचत नव्हता, वाक्य वाचत होता.

‘नाइस’ आणि ‘मुग्ध’ यांची ही जोडी मला बोलकी वाटते ती त्यांच्यातल्या साम्यापेक्षा फरकामुळे. दोघंही ‘न जाणणारा’पासून निघाले आणि ‘गोड’पाशी पोचले. पण इंग्रजी शब्दानं वाटेत आपलं अज्ञान टाकून दिलं. नखरेल, चोखंदळ, नाजूक, काटेकोर, मग छान. प्रत्येक पायरीवर मागची पायरी विसरली गेली. काटेकोर माणूस आणि अडाणी माणूस यांचं एकमेकांशी काय नातं, हे आज कुणा इंग्रजाला सांगता येणार नाही. ‘मुग्धा’चं तसं नाही. तिचा गोडवा तिच्या अज्ञानातूनच आला. अजाणता आहे, म्हणून निरागस. निरागस आहे, म्हणून मोहक. धागा तुटलेला नाही. या दोघांत मूळ अर्थाच्या जास्त जवळ कोण असेल, तर आपली मुग्धा. इंग्रज हसत होता म्हणता, तर आपण बारशाला काय करत होतो?

यावर माझा एक तर्क आहे. पुरावा मागू नका, सदर माझं आहे. मराठीत ‘मुग्ध’ सुखानं गोड होऊ शकला, कारण मूर्खपणाचं ओझं वाहायला ‘मूढ’ हे जुळं भावंड हजर होतं. दिङ्मूढ, किंकर्तव्यमूढ, मूढमती, सगळी हमाली त्यानं केली. ‘नाइस’ला असं भावंड नव्हतं. सगळे अर्थ त्यालाच एकट्याला वाहावे लागले, आणि म्हणून ती दोनशे वर्षं कोशकारांचं डोकं उठलं.

उलट्या दिशेचा प्रवासही इंग्रजीत आहे. ‘सिली’ हा शब्द जुन्या इंग्रजीत सुखी, धन्य अशा अर्थाचा होता. जर्मनमधला त्याचा भाऊ ‘झेलिश’ अजून धन्यच आहे. इंग्रजीत तो निष्पाप झाला, मग दीनवाणा, मग दुबळा, आणि शेवटी मूर्ख. मूर्ख ‘नाइस’ वर चढत असताना धन्य ‘सिली’ खाली उतरत होता. आपण मराठी माणसांनी या दोघांची भांडणं ‘भोळा’ या एका शब्दात मिटवली आहेत: शंकर भोळा म्हटलं की हात जोडायचे, जावई भोळा म्हटलं की काळजी करायची.

आणि तरीही मूळ अर्थच चालवायचा असेल, तर आधी ‘मस्त’ सोडा. मस्त हा फारसी शब्द, अर्थ झिंगलेला. संस्कृत ‘मत्त’ त्याचा चुलतभाऊ. हत्तीच्या माजाला इंग्रजीत ‘मस्थ’ म्हणतात तेही इथूनच नेलेलं. मराठीतही ‘मस्तवाल’ आणि ‘मस्ती’ यांनी आपला माज सोडलेला नाही. एकटा ‘मस्त’ तेवढा सुधारला आणि वाटेल त्याला लागू लागला. पिठलं मस्त, पाऊस मस्त, सासू मस्त. निरोप पाठवणाऱ्या गृहस्थांनी खाली मला लिहिलंय, ‘मागचा लेख मस्त होता.’ त्यांच्याच न्यायानं तो लेख दारू प्यायलेला होता. चोखंदळपणे शब्द मोजायचेच, तर सगळ्यांचे मोजा. परक्यांचं मूळ शोधायचं आणि घरच्यांचं झाकायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

आता माझं नेहमीचं रडगाणं. नियमित वाचकांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. ‘नाइस’चा प्रवास मी एवढ्या खात्रीनं सांगू शकलो, कारण तिथे कुणीतरी प्रत्येक अर्थापुढे साल लिहून ठेवलंय. १८७९मध्ये ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्यांना आवाहन केलं: जुनी पुस्तकं वाचा, शब्द ज्या वाक्यात दिसेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, पुस्तकाचं नाव आणि साल घाला, पाठवून द्या. लोकांनी पाठवल्या. पहिला भाग १८८४मध्ये निघाला आणि काम १९२८मध्ये पुरं झालं. मरे तोवर हयात नव्हते.

आपल्याकडे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात उतारे आहेत, पण उताऱ्यांपुढे सनावळी नाही. कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६चा. तो मूळ सांगतो, वाटेतले मुक्काम सांगत नाही. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांच्या १९९९च्या कोशात जुन्या मराठीचं नेमकं काम झालंय, पण ते चौदाव्या शतकाच्या मध्याशी थांबतं. त्यापुढच्या साडेसहाशे वर्षांत ‘मस्त’ हा झिंगलेला कधी होता आणि चविष्ट कधी झाला, हे तारखेनिशी सांगणारा कोश माझ्या हाताशी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा ढोल वाजले, पेढे वाटले गेले, आणि आपल्या भाषेच्या प्राचीनतेचे निरोप महिनाभर फिरले. प्राचीन आहेच. पण नुसतं वय सांगून भागत नाही. इतिहासाला तारखा लागतात, आणि तारखा गोळा करायला पेढे वाटण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तेव्हा मला धडा शिकवायला निघालेल्या वाचकांना माझं उलट काम. घरात आजोबांची पत्रं असतील, जुने मासिकांचे गठ्ठे असतील, हिशेबाच्या वह्या असतील. त्यात ‘मस्त’ शोधा. ज्या वाक्यात सापडेल ते पूर्ण वाक्य उतरवा, वर तारीख घाला, लिहिणारा कुठल्या गावचा ते लिहा, आणि सदराच्या पत्त्यावर पोस्टकार्डानं पाठवा. झिंगलेला ‘मस्त’ही चालेल, चविष्टही चालेल. तारीख नसलेलं कार्ड मी फाडून टाकीन, मग त्यावर कितीही जोडलेले हात काढलेले असोत.

— अक्षरशत्रू