गाणे खान्देशचे, रॉयल्टी कोणाची?

नंदुरबार : अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळीत ढोल आणि पावरीच्या सुरांवर आदिवासी बांधव रात्रभर नाचतात. भिली, पावरी, मावची आणि अहिराणी भाषांतील नवी गाणीही आता मोबाइलमुळे घरोघरी ऐकली जातात. गाणे सर्वदूर पोहोचले. परंतु त्याचा मोबदला ते रचणाऱ्यापर्यंत पोहोचतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर संगीत व्यवसायातील संघटनांची रचना समजून घ्यावी लागते.

गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशक कंपन्या यांची ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ म्हणजेच आयपीआरएस ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. सभासद आपल्या रचनांचे हक्क संस्थेकडे सोपवितात. संस्था नभोवाणी, दूरचित्रवाणी, हॉटेले, जाहीर कार्यक्रम आणि इंटरनेटवरील सेवा यांना परवाने देते आणि जमलेली रक्कम खर्च वजा जाता सभासदांत वाटते. एकेकट्या गीतकाराला देशभर वसुली करीत फिरणे अशक्य असते, हेच अशा संघटनेचे मुख्य प्रयोजन होय.

मात्र या घरात यजमान कोण, हा वाद जुना आहे. चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माता ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये आयपीआरएसच्याच प्रकरणात दिला. परिणामी कंपन्यांचे पारडे जड झाले. २०१२ च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या दुरुस्तीचा जोरदार पुरस्कार केला होता. आता संस्थेच्या नियामक मंडळात रचनाकार आणि मालक यांची संख्या समसमान असावी लागते. रॉयल्टीच्या वाटपात भेदभाव करता येत नाही. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापराच्या रॉयल्टीतील समान वाटा गीतकार-संगीतकाराला करारानेही सोडून देता येत नाही. संस्थेची नोंदणी पाच वर्षांपुरतीच असते. नव्या तरतुदींनुसार आयपीआरएसची नोंदणी २०१७ मध्ये झाली. गायकांसाठी वेगळी संस्था आहे. ‘इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन’ची नोंदणी २०१३ मध्ये झाली.

कागदावर ही रचना न्याय्य दिसते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मात्र तिच्या मर्यादा उघड होतात. येथे गाणी सर्वाधिक वाजतात ती लग्नात. आणि वरात तसेच लग्नाशी निगडित समारंभांतील वादन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार हक्कभंग ठरत नाही. वधूपित्याच्या दृष्टीने ही सवलत रास्तच आहे. परंतु त्यामुळे स्थानिक रचनाकाराची खरी भिस्त नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि विशेषतः इंटरनेटवर राहते, आणि तेथे संस्थेचे सभासदत्व व गाण्याची अचूक नोंद यांना महत्त्व येते. स्वामित्वहक्क रचनेबरोबरच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण संस्थेचे वाटप सभासदांपुरतेच असते.

दुसरी अडचण लोकगीतांची. पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जाणाऱ्या होळीगीताचा कर्ता अज्ञात असतो. समाजाच्या सामूहिक हक्काची तरतूद या कायद्यात नाही. त्या गीताचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मात्र आपल्या मुद्रणावर ६० वर्षे हक्क मिळतो. जुन्या चालीवर नवे शब्द रचणाऱ्याचा त्या शब्दांवर हक्क असतो. पण आपले नाव नोंदविण्याबाबत तो दक्ष नसेल, तर त्याची रचनाही ‘पारंपरिक’ या शिक्क्याखाली नाहीशी होण्याचा धोका आहे.

म्हणूनच कराराच्या कागदाला महत्त्व आहे. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. स्टुडिओला एकरकमी पैशांत गाणे देणाऱ्या कलावंताला एवढी माहिती असली, तरी त्याचे बळ वाढेल.

समान प्रतिनिधित्वाचा लाभ सभासद झालेल्यांनाच होतो. तेव्हा शहादा, तळोदा, धडगावच्या रचनाकारांपर्यंत संस्थेने स्वतः पोहोचणे, त्यांच्या भाषांतील गाण्यांची नोंद करून घेणे आणि स्थानिक महाविद्यालये व सांस्कृतिक संस्थांनी त्यात हातभार लावणे अगत्याचे आहे. अन्यथा मंडळात रचनाकारांच्या खुर्च्या निम्म्या असूनही सातपुड्याचा आवाज तेथे अनुपस्थितच राहील.