विरोधात एकही मत नाही



व्यापारी कुटुंबात कायद्याची चर्चा होते ती बहुधा कायदा अंमलात आल्यानंतर. विवरणपत्राची मुदत जवळ येते, करसल्लागारांचा निरोप येतो आणि मग पेढीवर प्रश्न उमटतो, ‘हे सारे ठरविले कोणी आणि केव्हा?’ वस्तू आणि सेवा कराच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका तारखेपाशी थांबावे लागते. ती तारीख ३ ऑगस्ट २०१६. त्या दिवशी राज्यसभेने १२२ वे घटनादुरुस्ती विधेयक संमत केले. बाजूने २०३ मते पडली, विरोधात एकही नाही.

एवढे एकमत पाहून कोणास वाटेल की चर्चा नाममात्र झाली असावी. वस्तुस्थिती वेगळी होती. हे विधेयक लोकसभेने ६ मे २०१५ रोजीच मंजूर केले होते. तेथे ३५२ मते बाजूने व ३७ विरोधात होती. राज्यसभेत मात्र सरकारजवळ बहुमत नव्हते. घटनादुरुस्तीसाठी सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत, अशा दोन्ही कसोट्या उतराव्या लागतात. दोन सभागृहांत मतभेद झाल्यास साध्या विधेयकासाठी संयुक्त बैठकीचा मार्ग असतो, घटनादुरुस्तीला तो उपलब्ध नाही. म्हणून विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले. भूपेंद्र यादव यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने जुलै २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यानंतरही वर्षभर वाटाघाटी चालल्या.

या पंधरा महिन्यांस त्या काळी अनेकांनी ‘अडवणूक’ म्हटले. परंतु या अवधीत विधेयकात काय बदलले, हे आपण व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहू.

लोकसभेने मंजूर केलेल्या मसुद्यात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावर १ टक्का अतिरिक्त कर होता. तो दोन वर्षांसाठी असून माल जेथून निघाला त्या राज्यास मिळावयाचा होता. उत्पादक राज्यांचा महसूल बुडू नये हा त्यामागील हेतू. तथापि या कराची वजावट पुढील व्यापाऱ्यास मिळणार नव्हती. उदाहरणार्थ, कोइमतूरचे सूत इचलकरंजीस आले, त्याचे कोरे कापड प्रक्रियेसाठी राजस्थानातील पाली येथे विकले गेले आणि तयार माल मुंबईच्या बाजारात आला, तर हा कर तीनदा लागून प्रत्येक वेळी किमतीत मुरला असता. करावर कर बसू नये यासाठीच जी पद्धत आणावयाची, तिच्याच पायात ही बेडी होती. राज्यसभेत ती निघाली.

दुसरा बदल नुकसानभरपाईचा. मूळ मसुद्यात राज्यांना पाच वर्षांपर्यंत भरपाई ‘देता येईल’ असे होते. नव्या शब्दरचनेने पाच वर्षे भरपाई देणे संसदेवर बंधनकारक केले. तिसरा बदल तंट्यांविषयीचा. राज्याराज्यांत अथवा केंद्र व राज्यात वाद झाल्यास निवाड्याची यंत्रणा परिषदेने स्थापन केलीच पाहिजे, असे ठरले.

आता प्रत्यक्ष त्या दिवसाकडे वळू. अर्थमंत्री अरुण जेटली यांनी विधेयक मांडले. विरोधी बाजूने माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम बोलले. कराचा सर्वसाधारण दर १८ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढील कायदे धन विधेयक म्हणून आणू नयेत, अशी मागणीही त्यांनी केली. दराची मर्यादा घटनेत घालण्यास सरकार तयार झाले नाही, धन विधेयकाबाबतही हमी मिळाली नाही. तमिळनाडूसारख्या उत्पादक राज्याचे हित जपले जात नाही, या भूमिकेतून अण्णाद्रमुकचे सदस्य सभात्याग करून गेले. सुमारे सात तासांच्या चर्चेनंतर एकेका कलमावर मतविभागणी झाली आणि अखेरीस तो २०३ चा आकडा फलकावर आला. विरोधात शून्य मते असली तरी विरोधी विचार शून्य नव्हता. तो आधीच ऐकून घेतला गेला होता, म्हणून मतदानात उरला नाही.

आपल्या तत्त्वज्ञानात ‘नय’ ही संकल्पना आहे. वस्तूकडे पाहण्याची एक बाजू म्हणजे नय. तो सत्याचा अंश सांगतो, आणि इतर बाजू नाकारू लागला की त्याचा दुर्नय होतो. केंद्राची बाजू, उत्पादक राज्याची बाजू, माल खपणाऱ्या राज्याची बाजू, व्यापाऱ्याची आणि ग्राहकाची बाजू, यांतील प्रत्येक बाजू खरी आणि प्रत्येक अपुरी. या घटनादुरुस्तीने निर्माण झालेल्या परिषदेची रचनाही अशीच आहे. मतांचे एकतृतीयांश वजन केंद्राकडे, दोनतृतीयांश सर्व राज्यांकडे, आणि निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत आवश्यक. केंद्र एकटे निर्णय करू शकत नाही, केंद्रास वगळून राज्येही करू शकत नाहीत. घटनाकारांनी दुसरे सभागृह ठेवले ते अशाच कारणासाठी, एका बाजूने झालेला निर्णय दुसऱ्या बाजूने पुन्हा तपासला जावा म्हणून.

पुढील घटनाक्रम आपण अनुभवला आहे. बदललेले विधेयक लोकसभेत परत गेले व ८ ऑगस्ट रोजी तेथे संमत झाले. निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागत होती. महाराष्ट्राने २९ ऑगस्ट रोजी ती दिली. ८ सप्टेंबर २०१६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ही १०१ वी घटनादुरुस्ती ठरली. १ जुलै २०१७ पासून नवा कर लागू झाला. मुंबईत येणाऱ्या मालाची जकात त्याच दिवशी संपली. मुलुंड व दहिसरच्या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगेत रात्री काढण्याचा काळ मागे पडला.

या कथेस दुसरी बाजूही आहे. मार्च २०१७ मध्ये केंद्रीय वस्तू व सेवा कराचा प्रत्यक्ष कायदा आला तो धन विधेयक म्हणूनच. अशा विधेयकावर राज्यसभा केवळ शिफारस करू शकते व चौदा दिवसांत तिला ते परत करावे लागते. ६ एप्रिल रोजी ते परत झाले. नोंदणी, विवरणपत्रे, दंड ही सारी कलमे याच कायद्यातील, म्हणजे आपल्या पेढीशी थेट संबंध असलेली. पहिल्याच वर्षी विवरणपत्रांचा जो गोंधळ झाला, खरेदीचे विवरणपत्र ज्या रीतीने स्थगित करावे लागले, ते आठवले म्हणजे दुसऱ्या तपासणीचे मोल कळते.

श्रावकासाठी हा विषय केवळ राजकारणाचा नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापांबरोबर ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही सांगितला आहे. राज्याचे नियम मोडून केलेला व्यवहार, असा त्याचा अर्थ आज घेतला जातो. म्हणजे कायदा जाचक वाटला तरी तो चुकविण्याची वाट व्रतधारकास बंद आहे. मग ज्याने पाळण्याचे व्रत घेतले, त्याने कायदा घडत असताना बोलणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. त्या वेळी मौन धरावयाचे आणि नंतर वहीत पळवाट शोधावयाची, हे व्रतास शोभणारे नाही.

बोलण्याचे मार्गही उघडे आहेत. संसदीय समित्या विधेयकांवर वेळोवेळी जाहीर निवेदन देऊन लेखी सूचना मागवितात. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत, त्यांस पत्र लिहिता येते. प्रत्येक बाजारपेठेत व्यापारी संघटना आहे. ‘कर कमी करा’ एवढेच लिहिलेल्या निवेदनाचा उपयोग थोडा होतो. अमुक कलमामुळे अमुक मालावर कर दोनदा बसतो, असा आकड्यांसह दाखला दिला, तर तो समितीच्या कामी येतो. असे दाखले आपल्या खातेवह्यांत जितके आहेत, तितके कोणत्याही कार्यालयात नाहीत.

घरातील वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना एक काम सांगावे. संसदेचे अधिवेशन सुरू झाले की आपल्या व्यवसायाशी संबंधित विधेयक कोणते आहे हे त्यांनी शोधावे, आणि रात्रीच्या जेवणापूर्वी दहा मिनिटे सर्वांस समजावून सांगावे. पुढील पिढी कायद्याला भिणारी न होता कायदा जाणणारी झाली, तर व्यवहार आणि व्रत दोन्ही सुरक्षित राहतील.

जय जिनेंद्र.