म्हणे, पोराने दारू गाळली!

दिवाळी अंकात मद्याचा विषय काढला म्हणून जे वाचक नाक मुरडतील, त्यांनी आधी ताटातला अनारसा उचलून पाहावा. त्याचा तांदूळ घरच्या बाईने तीन दिवस भिजत घातला होता. रोज पाणी बदलले तरी त्याला आंबूस वास आलाच. आणि तसा वास आल्याखेरीज माझी आई तांदूळ उपसू देत नसे. आंबवणे हा आपल्या घरचा जुना धर्म आहे. तरीही माझ्या भाच्याने द्राक्षे आंबवली, तेव्हा आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकच हाकाटी झाली : पोराने दारू गाळली!

हकीकत थोडक्यात सांगतो. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला. दोन खोल्यांत चार मुले. माझ्या मेहुण्यांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले आणि ठरलेला व्यापारी फिरकला नाही. त्या तडकलेल्या मालाचे दोन क्रेट घेऊन पोरगा पुण्याला आला. बापाचा माल उकिरड्यावर जाण्यापेक्षा त्याची वाइन करू, असे त्याच्या मनाने घेतले. यात मला तरी काही पाप दिसत नाही. पाप पुढे आहे.

पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या जारमध्ये बारा लिटर रस, त्यात वाण्याकडून आणलेले पावाचे यीस्ट, आणि तोंडाला फडके. पाच दिवस जार खदखदत होता. मग वास सुटला. घरमालक वरच्याच मजल्यावर! पोरांना भीती पडली. रस पुरता निवलाही नव्हता, तोच त्यांनी तो सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरला, बुचे घट्ट आवळली आणि बाटल्या आतल्या खोलीत एका खाटेखाली सारल्या. खाट चौथ्या मुलाची. हा बीडकडचा, माळकरी घरातला, चहासुद्धा मोजून पिणारा. त्याला कुणी विचारले नाही, सांगितलेसुद्धा नाही.

रात्री अडीचला पहिली बाटली फुटली. तो दचकून खाली उतरला तो काचेवर. पायाला तीन टाके पडले. घरमालक धावत आले, त्यांनी वास घेतला आणि “हातभट्टी! माझ्या घरात हातभट्टी!” म्हणून आळी गोळा केली. सकाळी चौघांचे सामान जिन्यात होते. चौथ्या मुलाचा पेपर तिसऱ्या दिवशी होता. तो त्याने एका मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपून, लंगडत जाऊन दिला.

आता मला भांडायचे आहे ते इथून पुढे.

पहिले भांडण शब्दाचे. आंबवणे वेगळे आणि गाळणे वेगळे, हे मराठी माणसाला मॅट्रिकपुढे न गेलेल्या मास्तराने सांगावे लागावे, याची लाज वाटते. गाळायला भट्टी लागते, वाफ धरावी लागते. माणसे मरतात ती बहुधा त्या धंद्यातल्या भेसळीने. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली, ती मिथाइल अल्कोहोल मिसळलेल्या दारूने. द्राक्षाचा रस आंबला तर त्यातून असा मृत्यू निघत नाही. दोन्हींना एकच शिवी देणाऱ्याला पहिल्याचे भय कळत नाही आणि दुसऱ्याचे शास्त्रही कळत नाही.

बरे, हे घरमालक रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेतात. मी बाटली डोळ्यांनी पाहिली आहे. द्राक्षांचा काढा, गूळ आणि धायटीची फुले मिसळून वैद्य ते मुरत ठेवतात, आणि मुरताना त्यात आपोआप मद्य तयार होते. बाटलीवर तसे छापलेलेही असते. पण ते औषध! पोराच्या खाटेखालचे मात्र व्यसन.

सरकारचे तरी काय? २००१ साली द्राक्षापासून वाइन करण्याच्या धंद्याला उत्तेजन द्यायचे धोरण काढले. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि ते शेतकऱ्याच्या भल्याचे म्हणून सांगितले. त्यावर विरोधाचा केवढा धुरळा उडाला हे सर्वांना आठवत असेल. आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आहे तिथेच आहे. परवान्यावाचून घरी मद्य करणे त्याने गुन्हाच ठरते. भाच्याला हे ठाऊक नव्हते. ठाऊक नसणे ही सबब होत नाही, हे मी त्याला खडसावून सांगितले. पण शेतकऱ्याच्या मुलाला हा कायदा दारूचा डाग लागल्यावरच प्रथम ऐकू यावा, याला आपण वडील माणसे जबाबदार नाही तर कोण?

दुसरे भांडण माझे माझ्याशीच आहे. शाळेत आम्ही साखरेच्या पाण्यात यीस्ट टाकतो आणि बाटलीच्या तोंडाला फुगा लावतो. फुगा फुगतो, मुले टाळ्या पिटतात, आकृतीला दोन मार्क मिळतात. भाच्याने हा प्रयोग माझ्यासमोर केला आहे. फुग्याच्या जागी घट्ट बूच असते तर काय झाले असते, हे मी त्याला कधी विचारले नाही. एक लिटर गोड रस पुरता आंबला म्हणजे त्यातून चाळीस लिटरांहून अधिक वायू निघतो. फ्रान्सात शँपेनवाले लिटरमागे सुमारे चोवीस ग्रॅम साखर घालून बाटली बंद करतात, तेवढ्यानेच आत पाच-सहा वातावरणांचा दाब होतो. म्हणून ती बाटली जाड, जड काचेची असते. आणि आमच्या दिवट्याने सरबताच्या बाटलीत, किती साखर उरली आहे हे न पाहता, रस कोंडला! वसईकडे कित्येक ख्रिस्ती घरांतून नाताळासाठी मनुकांची वाइन घरी होते. तिथली कुठलीही आजी बरणीचे तोंड आवळू देणार नाही. तिने दोन मार्कांची आकृती काढलेली नसते एवढेच.

पण हे पोर बाटली आवळायला गेले कशाने? वरच्या मजल्याच्या भीतीने. फडके बांधलेला जार उघड्यावर राहिला असता तर वास आला असता, बाचाबाची झाली असती, फार तर जार मोरीत ओतला गेला असता. कुणाचा पाय चिरला नसता.

म्हणून भाच्याला सोडा असे मी म्हणत नाही. ताई रडत फोनवर म्हणाली, “अरे, दारू रे दारू! आपल्या घरात!” मी म्हटले, “ताई, दारूचे राहू दे. दुसऱ्याच्या खाटेखाली त्याला न विचारता ठेवले, त्याचे बोल.” ती गप्प झाली. चार जणांच्या भाड्याच्या खोलीत एकट्याचे असे काहीच नसते. वाससुद्धा चौघांचा असतो. भाचा मला म्हणाला, “मामा, तो नको म्हणाला असता म्हणून नाही विचारलं.” हेच ते पाप. या वाक्याबद्दल मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही.

आमच्या गोतावळ्यात मात्र या वाक्याची कुणालाच चीड आली नाही. सगळ्यांची चीड वासाची. त्यामुळे ज्याने केले तो आणि ज्याचा पाय कापला तो, दोघे एकाच जिन्यात बसले. घरमालकांनी अनामत दाबून ठेवली तीही चौघांची. छताला डाग पडले म्हणतात, पडले असतील. तिघांच्या तीस हजारांत छत दोनदा रंगवून होईल. चौथ्याचे दहा हजार त्याच्या आईने ऊसतोडीच्या उचलीतून काढून दिले होते.

ते परत मागणारे पत्र मी टपालाने पाठवले आहे. पोच आली. उत्तर अजून नाही.