पगार म्हणजे मेहेरबानी नव्हे!

परवा आमच्या वस्तीतल्या दहावीच्या एका मुलीने विचारले, "काका, पगार हा शब्द मराठी आहे का हो?" आम्ही बी.कॉम. झालेले, वीस वर्षे पगारपत्रके लिहिणारे. पण चटकन उत्तर देता आले नाही. मग कोश उघडून बसलो.

शब्द पोर्तुगीज आहे. 'पागार' हे त्यांचे रोजच्या वापरातले क्रियापद. अर्थ, पैसे चुकते करणे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. १५३४ ते १७३९ वसई त्यांच्या ताब्यात होती. पाव, चावी, बटाटा यांच्याबरोबर हा शब्दही आपल्या घरात आला आणि क्रियापदाचे नाम झाला.

'पागार'चे मूळ लॅटिन 'पाकारे'. लॅटिनमधला मधला 'क' पोर्तुगीजमध्ये पुष्कळदा 'ग' होतो. 'पाकारे' बनले 'पाक्स', म्हणजे शांती, या शब्दावरून. अर्थ, शांत करणे. रोमन सेनापती तलवारीने मुलूख दडपीत, त्यालाही 'पाकारे'च म्हणत. पुढे, ज्याचे देणे लागतो त्याला ते देऊन शांत करणे, असा अर्थ झाला. शेवटी नुसते पैसे देणे. जुन्या अर्थाची खूण पोर्तुगीज 'आपागार' या शब्दात आजही आहे. आपागार म्हणजे विझवणे. आग असो वा दिवा.

वाचकहो, नीट विचार करा. देणे मालकाकडे आहे आणि समाधान कामगाराचे व्हायचे आहे. मग पगार ही मेहेरबानी कशी? आपले वाडवडील गावकीची कामे करून बलुत्यासाठी दारोदार फिरले. समोरचा देईल ते पदरात घ्यायचे. गिरणीत, गोदीत पगार मोजून हातात पडू लागला, तेव्हा मागण्याची लाचारी संपली.

त्या मुलीची आई कंत्राटी सफाई कामगार. दोन महिने पगार थकलेला. विचारले की "गप्प बसा, मिळेल" हे उत्तर. धाकाने गप्प करणे आणि हक्काचे देऊन शांत करणे, दोन्ही अर्थ त्या एकाच जुन्या शब्दात होते. आपण दुसराच धरायचा. म्हणून थकलेला पगार मागताना मान खाली नको. चौघीजणींनी मिळून, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन मागावा. आणि आपण घरदुरुस्तीला गवंडी लावला, तर त्याचेही पैसे त्याच संध्याकाळी चुकते करावेत.

मुलीला हे सारे सांगितले. ती वही-पेन घेऊन आली. म्हणाली, "काका, आईचा अर्ज लिहू या."