पेट्या मोजल्या, राणी तपासली का?

बीड जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला पूरक धंदा म्हणून मधमाशीपालन सुचवले जाते, ते योग्यच आहे. जागा कमी लागते, चारा विकत घ्यावा लागत नाही आणि सूर्यफूल असो की कांद्याचा बियाण्याचा प्लॉट, परागीभवनाने दाणा भरतो. २०२० पासून केंद्राची मधमाशीपालन व मध मोहीमही सुरू आहे. मात्र अशा योजनांचे यश बहुधा वाटलेल्या पेट्यांच्या संख्येवर मोजले जाते. पेटीतल्या माश्या कोणत्या वाणाच्या आणि रोगाला कितपत तोंड देणाऱ्या, हे क्वचितच विचारले जाते.

बालाघाटच्या कड्याकपारीतली आग्या किंवा झुडपातली फुलोरी माशी पेटीत नांदत नाही. सातेरी पेटीत राहते, पण तिला सह्याद्रीचा पट्टा अधिक मानवतो. त्यामुळे मैदानी भागात पेटीत मुख्यतः युरोपीय मेलिफेरा माशी असते. म्हणजे शेतकरी वसाहत बहुधा विकत आणतो आणि तिच्याबरोबर तिचे आनुवंशिक गुणदोषही घरी येतात.

त्यातला एक गुण म्हणजे स्वच्छता. मेणाच्या झाकणाखाली अळी किंवा कोष रोगाने मेला, तर काही वसाहतींतल्या कामकरी माश्यांना ते वासावरून कळते. त्या झाकण फोडतात आणि मेलेले पिल्लू बाहेर टाकतात. रोग पसरण्याआधीच घर साफ होते. इतर वसाहतींत ते पिल्लू तसेच सडते.

हा फरक जन्मजात असतो, हे अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर रोथेनब्यूलर यांनी १९६४ मध्ये दाखवले. स्वच्छ आणि अस्वच्छ वाणांचा संकर केला तेव्हा पहिली पिढी अस्वच्छ निघाली. त्या पिढीचा स्वच्छ वाणाशी पुन्हा संकर करून त्यांनी २९ वसाहती तपासल्या. सहा वसाहतींनी झाकण फोडून पिल्लू बाहेर टाकले. नऊ वसाहतींनी झाकण फोडले, पण पिल्लू तसेच ठेवले. उरलेल्या चौदांनी काहीच केले नाही. मात्र झाकणे हाताने काढून दिल्यावर त्यांतल्या सहांनी सफाई केली. झाकण फोडणे आणि पिल्लू काढणे यांची जनुके वेगळी असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गणित इतके सोपे नाही, हे पुढे कळले. २००२ मधील एका अभ्यासात या वर्तनाशी संबंधित असू शकतील असे सात जनुकीय भाग आढळले. पण गुण आनुवंशिक आहे आणि निवडीने वाढवता येतो, हे मूळ सूत्र टिकले. मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिवाक यांनी त्यावर स्वच्छ वाण तयार करून दाखवला.

हा गुण ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. झाकलेले शंभरेक कोष बारीक टाचणीने टोचायचे आणि दुसऱ्या दिवशी किती कप्पे रिकामे झाले ते मोजायचे. दोन-तीनदा तपासून चांगल्या ठरलेल्या वसाहतीच्याच राण्या पुढे वाढवायच्या.

अडचण पुढेच आहे. राणी हवेत उडून दहा-बारा किंवा त्याहून अधिक नरांशी संग करते. शेजारच्या पेट्यांतले नर अस्वच्छ वाणाचे असतील, तर चांगल्या राणीच्या लेकीही बिघडतात. दोन पेट्यांच्या शेतकऱ्याला हे एकट्याने जमणारे नाही. निवड संपूर्ण परिसराची करावी लागते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्य खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. तपासलेल्या राण्यांचा पुरवठा आणि गावोगावच्या वसाहतींची नोंदवही हे काम अशाच संस्थांनी अंगावर घ्यायला हवे.

हा प्रश्न मधपाळापुरता नाही. वसाहत रोगी झाली की प्रतिजैविकांचा मोह होतो आणि त्यांचे अंश मधात उतरतात. २०१० मध्ये युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबवली, त्याच्या कारणांत असे अंशही होते. निवड न केल्याची किंमत निसर्गही वसूल करतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतांश वसाहती संपवल्या. उरलेल्यांतून वंश सावरला, पण तोवर अनेकांचा धंदा बुडाला होता.

स्वच्छ वाण म्हणजे रामबाण नव्हे. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले तर उत्तम राणीची वसाहतही मरते. तरीही जनावर घेताना शेतकरी त्याची वंशावळ विचारतोच. मधपेटी घेताना तोच प्रश्न विचारण्याची सोय त्याला मिळाली पाहिजे, आणि उत्तर देणे पेटी वाटणाऱ्याचे कर्तव्य ठरले पाहिजे.